एक ओहम

अकरा मीटर खाली, जिथं माती आमच्या पणज्यांच्याही आधीपासून गोठलेली आहे,
तिथलं तापमान थरथरतंय, असं आमचं नोंदयंत्र सांगत होतं.
दिवसा नाही. रात्री दोननंतर,
याकुत्स्कमधला पारा उणे चव्वेचाळीसच्या खाली उतरला की.
पारा आपलं म्हणायचं. खरा पारा
उणे एकोणचाळीसलाच दगड होऊन बसतो.

मी तर मसुदाही लिहायला घेतला होता:
‘खालच्या थरात अस्वस्थता आढळते.’
स्पिरिदोन गाव्रिलिएविचनं वाचला, चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाला, ‘माती खोटं बोलत नाही, क्युन्नेय.
तिची साक्ष काढणारा आधी तपास.’

मग आम्ही सर्किट खिडकीबाहेर टांगलं,
मासे टांगतात तसं, सुतळीनं.
तारा फटीतून आत, फटीत त्याचा जुना मोजा कोंबलेला,
ऑसिलोस्कोप टेबलावर, किटलीशेजारी.
पाच व्होल्ट. सरळ रेघ.
दहा मिनिटं. पंधरा.
विसाव्या मिनिटाला रेघेवर लव उभी राहिली,
मग केस,
मग लाट.
पाच व्होल्ट जागच्या जागी नाचत होते
आणि माती बिचारी खाली गाढ झोपेत.

रेग्युलेटरचं काम तशी हमालीच.
बॅटरीकडून नऊ घ्यायचे, पाच पुढे द्यायचे,
मधले चार अंगावर घेऊन तापायचं.
आणि सारखं वळून बघायचं, दिलेले पाचच आहेत ना?
कमी दिसले, सोड. जास्त दिसले, आवर.
पण निरोप उशिरा पोचला
तर आवरायच्या वेळी सोडलं जातं,
झोका थांबवायला पुढे केलेला हात
झोक्यालाच रेटा देतो.

या झोक्याचा तोल दाराशी उभा कपॅसिटर राखतो.
आमच्या कपॅसिटरच्या पोटातला ओलावा थंडीनं घट्ट झाला होता,
अर्ध्या ओहमचा त्याचा आडकाठीपणा
बारा ओहमांवर गेला होता.

एवढंच ना! दुसऱ्या दिवशी मी सिरॅमिक लावला.
कोरडा. न गोठणारा. अंगात विरोध म्हणून नाही,
पाच मिलिओहम, तेवढेही नावाला.
कॅटलॉगमधला सगळ्यात निर्मळ.

आणि रेघ आता घरातच, किटलीशेजारी,
किटलीपेक्षा जोरात उकळत होती.

स्पिरिदोन हसला नाही. त्यानं डेटाशीटचं चौदावं पान उघडलं.
दोन तिरक्या रेषा, मधे एक अरुंद पट्टा,
पट्ट्यात एकच शब्द: स्थिर.
वर गेलात, नाचाल. खाली गेलात, तरी नाचाल.
हे पान मी उलटून पुढे गेले होते,
त्यात चित्र लहान होतं म्हणून.

त्यानं तंबाखूच्या डबीतून एक रेझिस्टर काढला:
तपकिरी, काळा, सोनेरी, पुन्हा सोनेरी. एक ओहम.
उन्हाळ्यापासून त्याचा हात थरथरतो.
त्यानं मनगट नमद्याच्या तुकड्यावर टेकवलं,
घासलं जाईल इतकं दाबलं,
आणि सोल्डरिंगचं टोक
एकदाच, हवं तिथं, टेकलं.
मी किटलीकडे बघत राहिले.

रात्रभर सर्किट बाहेर. उणे सत्तेचाळीस.
बाजारातून आणलेली गोठल्या दुधाची चकती
त्याच सुतळीला शेजारी लटकत होती.
रेघ सरळ. तीन वाजता सरळ. पाचला सरळ.

मसुदा मी फाडला. मग आठवड्यानं,
थरथर पुसली गेल्यावर तिच्याखाली दडलेलं दिसलं:
अकरा मीटरवर उणे तीन पूर्णांक एक.
गेल्या हिवाळ्यात, काचेच्या थर्मामीटरनं, त्याच भोकात,
स्पिरिदोनच्या वहीत, त्याच्या वाकड्या अक्षरात,
उणे तीन पूर्णांक चार.

आम्ही सेन्सर बदलला. बॅटरी बदलली.
कपॅसिटरवर बोट ठेवून पाहिलं.
पुन्हा मोजलं.
रेघ जागची हलली नाही.